पाहुण्यासाठी पुसलेली भिंत

दि. ११ मार्च

चि. वन्सं यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं. फोन का करत नाहीस म्हणून रागावलात, पण फोनवर मला काही सुचत नाही. जे बोलायचं ते फोन खाली ठेवल्यावर आठवतं. पत्रात निदान मी मधेच उठून भाजीला फोडणी देऊन परत येऊ शकते. आणि मला ‘तू’ म्हण हा तुमचा हट्टही सोडा आता. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालून शाळेत जात होतात, तरी नणंद म्हणून तुम्हाला ‘अहो वन्सं’ म्हटलं. आता तुमचे केस पांढरे व्हायला लागले, आता कुठे जीभ वळायची?

कायमचं तुमच्याकडे राहायला बोलावलंत, त्याबद्दल माया वाटली. पण उत्तर मागचंच. तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं होत आली. अजून सकाळी चहाचं आधण दोघांचं ठेवते आणि मग अर्धं ओतून देते. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. सवय आहे, जाईल तेव्हा जाईल. इथे बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग आहे, पुस्तकं शिवायची फळी आहे. बाइंडिंगच्या कारखान्यातून ते वाया गेलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापील कागद, घरी आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकले. कुठल्या गोष्टीची सुरुवात मिळायची, कुठलीचं नुसतं मधलं. शेवट फार कमी मिळाले. ते म्हणायचे, शेवट तू कर. तर ही खोली सोडून मी येत नाही, एवढं समजून घ्या.

आता कामाचं. माझ्या खालच्या घरात शिवणकाम करणारी मुलगी राहते. मागच्या खेपेला तुमच्या पिशवीला चेन बसवून दिली होती ना, तीच. नवरा बोटीवर असतो, वर्षातून दोनदा येतो. तिची लेक दोन वर्षांचीसुद्धा नाही, पण चालते अशी की जिना तिच्याच मालकीचा. सगळे तिला ठमी म्हणतात. आमच्या इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीत कुठेतरी पाण्याचा पाइप गळतो. ओल माझ्या स्वयंपाकघरात सुरू होते आणि खाली त्या मायलेकींच्या झोपायच्या खोलीभर पसरते. माझ्याकडे कोपरा काळा आहे, तिच्याकडे अख्खी भिंत. बुरशीचा वास उशांनासुद्धा लागलाय. ठमी खोकते. खोकला असा की खोकून झाल्यावर पोर दमून खाली बसते. डॉक्टरांनी औषध दिलं आणि खोली कोरडी ठेवा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, भिंत का माझ्या हातात आहे?

ही इमारत ज्या कंपनीची, तिच्या व्यवस्थापकांना आम्ही रंगारीसाहेब म्हणतो. काहीही सांगायला जा, एक रंगाचा हात मारून देऊ म्हणतात. यांना उद्या ताप आला तर हे स्वतःलाही एक हात मारून घेतील.

मी शिवणवालीला म्हटलं, माझी नणंद भाड्याच्या घरांच्या नियामक कार्यालयात आहे, तू तक्रार दे. ती घाबरली. इथले भाड्याचे करार दर सप्टेंबरात नवे होतात. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी मागे एक खरमरीत पत्र लिहिलं होतं. पुढच्या सप्टेंबरात कंपनीला नेमकी त्यांचीच जागा हवी झाली. तेव्हापासून जिन्यात सगळे हळू बोलतात.

म्हणून विचारते, वन्सं. तुमचं कार्यालय घरांवर लक्ष ठेवायला आहे ना? मग कुणी हाक मारायची वाट का बघता? येऊन बघत का नाही?

तब्येतीला जपा. रात्री उपाशी झोपत जाऊ नका. मायेचा धागा आहे तसाच राहू द्या.

तुमची,
वहिनी


दि. २० मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि तुझा शेवटचा प्रश्न आमच्या बाईंना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, तुमच्या वहिनींना इथे नोकरीला घ्यायला पाहिजे. मी म्हटलं, नको, ती सगळ्यांच्या टेबलांवरची धूळ पुसत बसेल.

उत्तर सांगते, पण ते मलाच आवडत नाही. आम्हाला आपणहून चौकशी सुरू करता येत नाही. भाडेकरूने स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या नावाने लिहून द्यायला हवं. नाहीतर राहणाऱ्याला गंभीर इजा झाली, असं सिद्ध व्हायला हवं. आणि तपासनीस पाठवायचा तर कंपनीला आणि भाडेकरूला आठवडाभर आधी नोटीस द्यावी लागते. माझ्या टेबलावर निनावी चिठ्ठ्या येतात, शेजाऱ्यांची पत्रं येतात, एका शाळेतल्या बाईंनी तर एकाच इमारतीतल्या खोकणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं होतं. सगळ्यांवर मी एकच शिक्का मारते, नोंद घेता येत नाही. संध्याकाळी हात धुताना तो शिक्का हातावरच उठलाय असं वाटतं.

हा नियम उगाच झाला नाही म्हणा. पूर्वी म्हणे आमचे अधिकारी वाटेल त्या दारावर थाप मारायचे. कुणा म्हाताऱ्याने एक खोली भाड्याने दिलेली असायची, त्याला छळायचे आणि चहापाण्याच्या नावाखाली हात ओले करून घ्यायचे. म्हणून हात बांधले. ते इतके घट्ट बांधले की आता खाजवतासुद्धा येत नाही.

आता आमचे नियम करणाऱ्या मंडळाने विचारलंय, चौकशी कधी सुरू करता यावी याबद्दल लोकांनी म्हणणं मांडावं. जूनमध्ये सुनावणी आहे. बाई बदलाच्या बाजूने आहेत. कंपन्या म्हणतात, असं झालं तर घरं भाड्याने कोण देईल? पण ते जूनमध्ये. ठमीचा खोकला तोवर थांबणार नाही.

तर तूच दे ना तक्रार. तुझा कोपरा काळा आहे, तेवढं पुरे. तपासनीस एकदा इमारतीत आला की त्याच भिंतीच्या खालच्या खोलीतही जाऊ शकतो. घरचं माणूस म्हणून मला तुझ्या कागदाला हात लावता येणार नाही. तो शेजारच्या टेबलावर जाईल. पण तू घाबरणार नाहीस हे मला माहीत आहे. आईला दादाचं लग्न तिच्या मनाने ठरवायचं होतं, तेव्हा दारात उभी राहून तिच्याशी बोलणारी तूच होतीस.

दादाच्या आठवणीने मलाही मधेच थांबायला होतं. भाजीवाला टोमॅटो वर्तमानपत्रात बांधून देतो, तेव्हा कागदाची घडी बघते. दादासारखी सरळ घडी कुणाला येत नाही.

उलट टपाली लिही. रागावलीस तरी लिही, पण लिही.

तुझीच,
नणंद


दि. २६ एप्रिल

चि. वन्सं यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या सांगण्याप्रमाणे तक्रार दिली आणि तुमचे तपासनीस परवा येऊन गेले. सगळं कसं यथासांग पार पडलं ते सांगते.

नोटीस आली तसा रंगारीसाहेबांनी तिचा कागद जिन्यात चिकटवला. कुणी तक्रार केली असेल बरं, असं मोठ्याने म्हणत सगळ्या मजल्यांवरून फिरले. मी दार उघडून सांगितलं, मी केली. तेव्हा म्हणाले, तुम्ही सांगितलं असतं तर एक हात मारून दिला असता. मी म्हटलं, तुमचे हात आता भिंतीला पेलत नाहीत. त्यांना रंगारी पाठवायचा होता, पण मी दारात पाय घातला. रंग लावू दिला नाही. इतकी शहाणी मी आहे.

सरकारी माणूस घरी यायचा म्हणजे जिन्यात लगबग उडाली. आदल्या दिवशी आम्ही सगळ्या बायकांनी मिळून जिना धुऊन काढला. मग आपापली घरं. मी सोडा आणि ब्रश घेऊन स्वयंपाकघराचा कोपरा घासला, काळं म्हणून ठेवलं नाही. खाली जाऊन शिवणवालीलाही हातभार लावला, ती एकटी त्या भिंतीला कुठे पुरी पडणार? भिंत घासली, पुसली, पंखा लावून वाळवली. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या म्हणून वासही गेला. नाही निघाले त्या डागांपुढे तिने कपाट सरकवलं आणि त्यावर नव्या कापडाचा पडदा शिवून लावला. तशी हौशी आहे पोरगी. ठमीला आंघोळ घालून फुलांचा फ्रॉक घातला. नेमकी त्या दिवशी ती खोकलीसुद्धा नाही, तपासनीसांच्या पेनाकडे टक लावून बसली होती.

माणूस सालस. बूट दाराबाहेर काढून आले. मी चहा केला, तो घेतला. भिंतीवर हात फिरवला, एक छोटं यंत्र टेकवून बघितलं, मान हलवली, लिहिलं. शिवणवालीकडेही तसंच केलं. जाताना म्हणाले, घरं फार छान ठेवलीत तुम्ही. आम्हाला इतकं बरं वाटलं! मी म्हटलं, ओल आतून आहे हो. ते म्हणाले, लिहिलंय तुमचं म्हणणं.

आता तुमच्याकडून निकाल कधी येतो ते कळवा. जाणकार माणूस, आतलं त्याला दिसलं असेलच. ठमीचा खोकला पुन्हा सुरू झालाय आणि कोपऱ्यात पहिला ठिपका उगवलाय, पण आता काळजी नाही, तुमचे लोक बघून गेलेत.

तुमच्या पत्राची वाट बघते. लोभ आटू देऊ नका.

तुमची,
वहिनी


दि. ५ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, अगं काय केलंस तू!

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्याने पाणी आणून दिलं. मग दुपारी तपासनीसांचा अहवाल आला आणि पाणी पुन्हा लागलं, वेगळ्या कारणासाठी. अहवालात लिहिलंय की दोन्ही घरं स्वच्छ व हवेशीर आढळली, बुरशी आढळली नाही, ओलावा किरकोळ आहे, चौकशीस कारण नाही. प्रकरण बंद. आणि बंद झालेल्या प्रकरणाला त्याच कारणासाठी वर्षभर हात लावता येत नाही.

अगं, तो तक्रार बघायला येत होता आणि तुम्ही ती घासून काढलीत! पंखा लावून वाळवलीत! उरलीसुरली कपाटामागे लपवलीत! कंपनीने रंगारी पाठवला असता तर तो इतकं नीट काम करून गेला नसता.

मी चिडून लिहितेय असं वाटून घेऊ नकोस. मी असते तर मीही घासली असती. आईने आपल्याला दुसरं शिकवलंय काय? घरी कुणी यायचं तर पसारा दिसता कामा नये. तपासनीसांना बाईंनी बोलावून विचारलं. ते बिचारे कानकोंडे झाले. म्हणाले, बाई, मी जातो तिथे नेहमी असंच असतं. नोटीस गेली की अख्खं घर उजळतं. सांदीतली बुरशी मला दिसते, पण समोर घरची बाई चहाचा कप घेऊन उभी असते, कपाट हलवा म्हणायला जीभ उचलत नाही. आणि नियमात कपाट हलवायचं लिहिलेलं नाही.

बाईंनी अहवाल मिटून ठेवला. मग म्हणाल्या, हेच सुनावणीत कुणीतरी सांगायला हवं. तुझं नाव त्यांनीच घेतलं. येशील का? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. माझ्याकडे उतरशील, एक दिवस तरी माझ्या हातचं जेवशील.

आणि वहिनी, एक मागते. दादाचं सांग. तो त्याच भिंतीच्या घरात राहिला, तिथेच त्याची छाती गेली, शेवटचे महिने श्वासासाठी उशांना टेकून बसायचा. तू एवढं बोललीस तर समोरच्या कुणाची मान वर होणार नाही. गंभीर इजा म्हणतात ना, ती ही.

तुझ्या होकाराची वाट बघते. प्रेम आहेच, ते मागायला लावू नकोस.

तुझीच,
नणंद


दि. १७ मे

चि. वन्सं यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. मला वाटलं होतं, डॉक्टरकडे जातानाही माणूस आंघोळ करूनच जातो, म्हणून काय डॉक्टरला आजार दिसत नाही? शिवणवालीला जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, पडदा उगाच शिवला मग. आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. ठमीही हसली आणि हसता हसता खोकली, मग आमचं हसू थांबलं.

ते हसू शेवटचं. सोमवारी पोरगी निळी पडली. मी आणि तिची आई तिला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेलो. तिच्या नाकाला नळी लावली आहे. आई खाटेपाशी बसलेली असते, मी डबा नेते. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, फुप्फुसं फार थकलीत. बरी होईल, मात्र त्या खोलीत परत नेऊ नका. शिवणवालीने विचारलं, मग कुठे नेऊ? डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

म्हणजे वन्सं, आता ठमी नियमात बसते. गंभीर इजा पाहिजे होती, झाली, आता ती सिद्ध कधी व्हायची ते देव जाणे. नियमात बसण्यासाठी पोरीला एवढं आजारी पडावं लागलं. तुमचा दोष नाही, तुम्ही शिक्के मारणाऱ्या. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून तुमच्यापुढे टाकलं.

सुनावणीला मी येईन. पण तुमच्या भावाचं बोलणार नाही. रागावू नका, नीट ऐका. ते जन्मभर कागदाच्या भुशात बसले. तरुणपणी विड्या ओढायचे, हे तुम्हाला ठाऊक नाही. भिंतीने त्यांची छाती नेली का भुशाने, हे त्यांच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला माहीत नाही. किती वेळा वाटतं की माहीत असतं तर बरं झालं असतं, कुणावर तरी बोट ठेवता आलं असतं. पण जे मला माहीत नाही ते मी भर सभेत त्यांच्या नावावर सांगणार नाही. दुसऱ्याच्या पुस्तकाला हात लावतानाही ते आधी हात पुसायचे. माणूस गेला म्हणून त्याचा पुरावा करायचा, हे मला जमणार नाही. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगेन, आणि ते पुष्कळ आहे.

माझ्यासाठी गादी काढून ठेवू नका, मला चटई पुरते. थकलेल्या वहिनीला सांभाळून घ्या.

तुमची,
वहिनी


दि. १५ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोहोचलीस ना? तू बसची वेळ धरून लगेच निघालीस आणि पुढचं सगळं तुझ्या मागे घडलं.

आधी दादाबद्दल. मी तुझ्यावर रुसले होते, तुझ्या लक्षात आलंच असेल. मला बोट ठेवायला काहीतरी हवं होतं. मला वाटलं होतं, तू बोललीस की माझंही थोडं हलकं होईल. सभागृहात तू उभी राहिलीस तेव्हा कळलं की तू ते न कळल्याचं ओझं मुद्दाम खाली ठेवत नाहीस. विड्यांचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. आई मला म्हणायची, त्याच्याकडून शीक काहीतरी!

आता सभेचं. तू भिंत घासल्याचं सांगितलंस तेव्हा सगळे हसले आणि ठमीला लावलेल्या नळीचं सांगितलंस तेव्हा त्यांनाच आपल्या हसण्याची लाज वाटली. कंपन्यांच्या बाजूने बोलणारे ते चष्मेवाले गृहस्थ मला वाईट वाटले नाहीत. त्यांनी तुला विचारलं की उद्या कुठलाही अधिकारी न सांगता तुमच्या दारात उभा राहिला तर चालेल का. तू हो म्हणशील असं वाटलं. तू सरळ म्हणालीस की नाही चालणार, मी एकटी बाई, कारण न सांगता कुणी आलं तर मी दार उघडणार नाही आणि कुणी उघडू नये. ते गृहस्थ खूश झाले. मग तू म्हणालीस, कारण पाहिजेच, पण जो घाबरलाय त्याच्याच तोंडून ते यायला पाहिजे, हा हट्ट का? डॉक्टरांकडून येऊ दे, शाळेतून येऊ दे, शेजारणीकडून येऊ दे. खबर कुठूनही यावी, ती खरी वाटते का ते तुम्ही तपासावं, आणि मग येऊन दार वाजवावं. उघडायचं का ते घरातलं माणूस ठरवेल. आणि इजा होण्याआधी या, एवढं बोलून तू खाली बसलीस.

तू गेल्यावर चष्मेवाले बाईंना म्हणाले की याला माझी फारशी हरकत नाही, फक्त खोट्या खबरींचं काय ते लिहा. बाईंनी तेही लिहून घेतलं. कायम नियम व्हायला वेळ लागेल. पण मंडळाने वर्षभरापुरती मोकळीक दिली आहे. इस्पितळ, शाळा किंवा शेजारी यांच्याकडून विश्वास ठेवण्याजोगी खबर आली तर आम्ही आपणहून चौकशी सुरू करू शकतो, आणि बंद झालेलं प्रकरण नव्या खबरीवर उघडू शकतो. तपासणीच्या आधी नोटीस नाही. चौकशी चालू असताना करार नवा करायला नकार देता येणार नाही.

सगळ्यात पहिली खबर कुठून आली ते मी सांगायचं नाही. एवढंच सांगते, तिचं अक्षर डॉक्टरांचं असतं तसं आहे, कुणाला वाचता येत नव्हतं.

तपासनीस कधी येतील ते मला माहीत नाही, आणि असतं तरी तुला सांगितलं नसतं. सोड्याचा डबा माळ्यावर ठेव.

हक्काने रुसणारी आणि हक्काने माया मागणारी,
तुझी नणंद


दि. ९ जुलै

चि. वन्सं यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तपासनीस आले. मी केस मोकळे सोडून बसले होते, भांडी घासायची होती, कोपरा चांगला काळा होता. त्यांनी दारातून विचारलं, आत येऊ का? माझी मान हो म्हणाली, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्यांनी कशाकडेच न बघितल्यासारखं केलं आणि सगळं बघितलं. खाली शिवणवालीचं कपाट त्यांनी आणि रंगारीसाहेबांनी मिळून हलवलं. मागची भिंत बघून रंगारीसाहेब पहिल्यांदाच एक हात मारू म्हणाले नाहीत. नुसते उभे राहिले. मग मला हळूच म्हणाले, कंपनीतल्या वरच्यांना मी खूपदा सांगितलं होतं हो, ते फक्त रंगाचेच पैसे द्यायचे. खरं असेल. मी त्यांना पाणी दिलं.

आता भिंत फोडलीय. आतला पाइप इतका कुजला होता की गवंड्याच्या हातात त्याचा भुगा आला. काम पावसाळाभर चालेल म्हणतात. शिवणवालीला कंपनीचं पत्र आलं की करार पुढे चालू राहील. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं, मग स्वतः वाचलं, मग पुन्हा मला वाचायला लावलं.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे. ठमीला इस्पितळातून सोडलं तेव्हा तिला कुठे न्यायचं हा प्रश्न होताच. माझी बाहेरची खोली कोरडी आहे, उन्हाची आहे. पण तिथे त्यांचा पलंग. दोन वर्षं मी त्यावरची चादरसुद्धा बदलली नव्हती, नुसती झटकायची. तुम्ही आलात तेव्हाही तुम्हाला खाली झोपवलं, आठवतं ना? शिवणवाली म्हणाली, मावशी, आम्ही जमिनीवर झोपू. मी चादर काढली, धुतली, दोरीवर घातली. ती वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. मग नवी घालून पोरीला त्यावर ठेवलं.

पहिले दिवस जड गेले, खोटं कशाला बोलू. त्यांच्या उशीच्या जागी तिचं डोकं बघून मी स्वयंपाकघरात निघून जायची. पण पोरीला यातलं काय ठाऊक? ती त्यांच्या फळीवर चढून बसते आणि आपण राणी असल्यासारखी खाली बघते. शिवणयंत्रही वर आणलंय. दिवसभर घरात खडखड असते. तुम्हाला वाईट वाटलं का? वाटलं असेल तर स्पष्ट लिहा. मला वाटतं त्यांना वाटलं नसतं. हे मात्र मला माहीत आहे, नुसतं वाटत नाही.

आता दुपार आहे. शिवणवाली कापड आणायला गेली आहे, ठमी झोपली आहे, आणि मी पलंगाशी बसून हे लिहिते आहे. मधेच पेन थांबवून ऐकते. ती सवय मला त्यांच्या शेवटच्या दिवसांत लागली, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा छातीत करकर वाजायचं, मी दाराआडून ऐकायची आणि पुढचा श्वास येईपर्यंत माझा थांबायचा. आत्ताही थांबले होते. वन्सं, करकर नाही, शिट्टी नाही, काही नाही. नुसता श्वास आहे. येतो आणि जातो.

तुम्ही एकदा येऊन ऐकून जा. तोवर दोघींचा जीव एकमेकींत आहे तसा राहू द्या.

तुमची,
वहिनी